दादाच्या पाट्यांचं गोदाम

प्रिय एल्डनदादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार घे. गुडघा कसा आहे? तिकडे फ्लोरिडात म्हणे डिसेंबरातही लोक पोहतात. तू आपला कडेला बसून राहा. जॉडीला सांग, बापाला मीठ कमी दे आणि कामं जास्त सांग. आम्ही इथे ओहायोत खुशाल आहोत, म्हणजे मर्ल दिवसभर कुरकुरतोय (माझ्या नवऱ्याची तब्येत ठीक असल्याची ही खूण तुला ठाऊक आहेच) आणि मी तळघरात आहे.

आता गोदामाची हकीकत. तू गावचे रस्ते बघणाऱ्या टाऊनशिपच्या निवडणुकीत मूठभर मतांनी पडलास, मग दर गुरुवारी आमच्या तळघरात खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवायला येणं बंद केलंस, आणि शेवटी घर विकायला काढून लेकीकडे निघून गेलास. जाताना गॅरेजमधल्या उरलेल्या प्रचाराच्या पाट्यांकडे बोट दाखवून म्हणालास, "वर्ना, हा कचरा जाळून टाक." दादा, एक तर प्लॅस्टिक जाळत नाहीत. दुसरं म्हणजे, इतकं चांगलं सामान मी फेकीन असं तुला वाटलंच कसं? हलक्या, ताठ, आणि अंगावर अशा उभ्या रेघा की हमरस्त्याकडेच्या नव्या गोदामांची भिंतच. आपल्या तळघरातल्या रेल्वेला माल घेणारं गिऱ्हाईक तरी कोण होतं? एक धान्याची कोठी आणि एक डेअरी. दुकानात गोदामाचा तयार संच मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मर्लने चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही. म्हटलं, आपण हातानेच करू.

लोकांना वाटतं, खोकं करायला काय लागतं. नक्षीदार स्टेशन करणं सोपं रे, चूक झाली तर वर एक वेल चढवता येते. खिडकी नसलेली लांबच लांब राखाडी भिंत खरी वाटायला हवी म्हणजे जीव जातो. मी खरं गोदाम बघायला हमरस्त्यावर गेले आणि कुंपणापाशी गाडी लावून बसले. पहारेकरी आला. "बाई, नोकरीच्या मुलाखतीला आलात का?" मी म्हटलं, भिंत बघायला आलेय. तो बिचारा माझ्या शेजारी उभा राहून थोडा वेळ बघत राहिला, आणि मग स्वतःच पावसाच्या पाण्याचे पाइप कुठे कुठे उतरतात ते दाखवायला लागला. ते पाइप मी कॉफी ढवळायच्या नळ्यांचे केले. ट्रक मागे येऊन टेकतात तिथल्या काळ्या गाद्या खिडकीच्या फटीत भरायच्या फोमच्या. छपरावरची एअर कंडिशनरची यंत्रं म्हणजे मर्लच्या औषधांच्या बाटल्यांची झाकणं (तो सध्या गोळ्या बशीत ठेवतो). सगळं झाल्यावर त्याने गोदामाला एक फेरी मारली आणि म्हणाला, "इतकं राबलीस आणि शेवटी खोकंच केलंस की." ह्याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

पण दिवे बसवण्याआधी भिंतींना आतून काळा रंग द्यायचा असतो, नाहीतर उजेड आरपार दिसतो. हे मी स्वतः कितीतरी नवशिक्यांना ऐकवलंय, तोंड वर करून. आणि तेच विसरले. गुरुवारी आपला गाड्यांचा सोबती ऑर्व्हिल बेट्झ नेहमीप्रमाणे आपलं इंजिन मोज्यात घालून आला. मी तळघरातले दिवे घालवले, सगळ्यांना गप्प बसवलं आणि गोदामाचं बटण दाबलं.

दादा, तू प्रकट झालास. बाहेरचा राखाडी रंग बाजूलाच राहिला आणि पाट्यांच्या आतल्या बाजूच्या प्रचाराच्या फोटोतून तू टाय लावून उजळलास. पाट्या कापताना मी चेहऱ्याचे दोन भाग केले होते, त्यामुळे डोळे रुळांच्या बाजूला आले आणि हसू ट्रकांच्या बाजूला. ऑर्व्हिलची मालगाडी मागे सरकत होती, तिचा शेवटचा डबा तुझ्या भुवईखाली जाऊन थांबला. "कुणी मत द्यायचं राहिलंय का रे?" ऑर्व्हिल म्हणाला, आणि मर्ल इतका हसला की त्याला बसावं लागलं. तो नेमका जिन्याखालच्या तुझ्या खुर्चीत बसला. लक्षात आल्यावर लगेच उठला.

त्या खुर्चीत बसून फोनवर कुणाची गाडी सोडायची, कुणाची थांबवायची हे सांगणारं आता कुणी नाही. मर्ल आणि ऑर्व्हिल दोघांनाही मुख्य मार्ग आपल्या वडिलांचा वाटतो. मागे बोगद्यात दोघांच्या गाड्या समोरासमोर धडकल्या, तेव्हापासून ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात, आणि तेही एकाच टेबलावर बसून माझ्या हातचा ॲपल पाय खाताना. मला ह्याचा कंटाळा आलाय. पण खरं सांगू? भांडणं मिटवायला म्हणून नव्हे, मला तुझी आठवण येते. गावातले रस्ते कुणी बघायचे ते गाव ठरवील. तू हरलास ह्याचं मलाही वाईट वाटलं, मी दोन दिवस नीट जेवले नाही. पण हरलेला भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहायला हवा होता.

जॉडीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
वर्ना

ता. क. भिंतींना आतून काळा रंग द्यायला ऑर्व्हिल मला हात लावू देत नाही. म्हणतो, गाड्यांवर कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं.

ता. क. दुसरा. छप्पर एका अखंड तुकड्याचं लागतं, जोड दिला की वाकतं. तुझ्या पाट्या तोवर सगळ्या कापून झाल्या होत्या. तुझ्या अंगणातली 'घर विकणे आहे'ची पाटी अगदी मापाची निघाली. घरं विकणाऱ्या त्या बाईने दुसरी लावली, तिची पहारेकऱ्याची चौकी आणि कुंपण झालं. तिने मला फोन करून विचारलं, गल्लीत मुलं फार व्रात्य आहेत का? मी म्हटलं, विचारू नका.

ता. क. तिसरा. कालपासून तिथे लोखंडी पाटी आहे, सिमेंटमध्ये पुरलेली. ती माझ्याने उपटवत नाही. तेवढ्यासाठी तू ये.