कॉलनीची मधली जागा

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

युनूसभाई की दत्ता? मला याचं उत्तर येत नाही. बी.ए. झालेल्या मुलीला सगळं येतं, असं आमच्या रेल्वे कॉलनीला वाटतं. शिरूरच्या शाळेत शिकवून परतताना एसटीच्या कंडक्टरनंही विचारलं, "काय मॅडम, भाऊ खेळणार ना?" मी तिकिटाकडे बघत बसले.

२२ तारखेला, रविवारी, पुण्याच्या टीमशी फुटबॉलची मॅच. सोलापूरहून रेल्वेचे साहेब येणार. त्यांना भरतीसाठी मिडफिल्डर हवाय. मधे जो खेळेल त्याचं नशीब. भाईचं वय पुढच्या वर्षी बसत नाही. दत्ताला अजून मिसरूडही नीट नाही. त्याच्यापुढे कितीतरी वर्षं आहेत.

पण संघ असा निवडतात का?

१४ नोव्हें., शनि.

टपरीवर तेच. दूध आणायला गेले, अर्धा तास तिथंच.

"युनूस म्हंजी पॅसेंजर. दत्ता बघ, एक्स्प्रेस हाय एक्स्प्रेस!"

"आरं पण पॅसेंजर समद्यांना घिऊन जाती. तुझी एक्स्प्रेस एकलीच पळती. मागं बघती का कोण ऱ्हायलं त्ये?"

"सेकंड हाफला पॅसेंजर शेडात जाती, त्याचं काय?"

सगळे हसले. मग मी उभी आहे हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि सगळे एकदम चहा पिऊ लागले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. शेडातलं बोलणं खोटं नव्हतं.

१५, रवि.

सरावाची मॅच. भिंतीजवळ उभी राहून पूर्ण बघितली, भाऊ म्हणून नाही, मधला आठ नंबर म्हणून.

पहिल्या हाफमध्ये भाईसारखा कुणीच नाही. बॉल पायात आला की सगळं मैदान जरा थांबतं. मान वर, मग पास, आणि फॉरवर्डला पळायलाही लागत नाही. मध्यंतरानंतर मात्र बॉल गेला की भाई परत मागे येत नाही. हात वर करून बॅकवाल्यांना ओरडतो. दत्ता पास चुकतो, पण चुकलेला बॉल स्वतःच पळत जाऊन हिसकावून आणतो. शेवटपर्यंत.



१६, सोम.

कॉलनीच्या संघाला कोच नाही. मैदानाच्या कट्ट्यावर तीन म्हातारे बसून टीम ठरवतात: शेडचे रिटायर्ड फिटर आप्पा, जुने गार्ड सिल्वेस्टर अंकल, आणि आमचे अब्बा. ज्याच्या घरचा पोरगा वादात, त्यानं कट्ट्यावरून उठायचं, हा नियम आजोबांच्या वेळचा. आज अब्बा उठले.

आता दोघं उरले. आप्पा दत्ता म्हणतात, अंकल भाई म्हणतात. तिसरं कोण?

आप्पा घरी आले. "तुमची सलमा बसंल. शिकल्याली पोरगी हाय, खोटं न्हाई बोलायची."

अब्बा चकित. "अरे, ती तर सख्खी बहीण!"

"नियम बापाचा हाय. बहिणीचा कुटं हाय?"

अब्बांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी. कट्ट्यावर बाई कधी बसली नव्हती. मला अभिमान वाटला. काय सांगू, खूप वाटला.

१८, बुध.

कट्ट्यावर बसले. पाय जमिनीला टेकत नव्हते. कारणंही तयार करून गेले होते, वर्गात शिकवल्यासारखी. सांगितली सगळी. शेवटी म्हटलं, "दत्ता."

अंकलनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आप्पा तंबाखू मळायचे थांबले.

"तुला कशापायी बसवली पोरी?" एकदम हळू आवाजात. "मी दत्ता म्हणलो ते उगाच. दोघांचं भांडण दिसाय पायजे, म्हंजी तिसरं माणूस लागतंय. युनूसचं नाव तुज्या तोंडून आलं की बापावर बोट न्हाई, आमच्यावर न्हाई. पोराचं एक काम झालं असतं गं."

म्हणजे सगळं ठरलेलं होतं. कट्ट्यावर मीच सोडून सगळ्यांना माहीत होतं. बहिणीला विचारलं तर बहीण काय म्हणणार, यात कुणाला शंकाच नव्हती.

अंकल म्हणाले, "हमने कुछ सुना नहीं. परसों आके बोल."

१९, गुरु.

शाळेत दोन तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही.

अम्मीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "कॉलेज को कौन भेजा तुझे? अब्बा तो नको बोलते थे." एवढंच बोलली. ते खरंय. मी बाहेर पडावं म्हणून भाई अब्बांशी भांडला होता. त्या दिवशी जेवलाही नव्हता.

आणि दत्ता? त्याची आई पाबळला बहिणीकडे गेली होती, मॅचसाठी आज परत आली. तिच्या पोराचं कुणी काही ठरवून ठेवलंय, हे तिला ठाऊकही नाही. पुढं खूप वर्षं आहेत, असं त्याला कोण लिहून देणार?

भाई रात्री बूट पुसत म्हणाला, "अम्मी को लेके आ संडे को. उसने मेरी मॅच कब्बी देखी नई."

हो म्हणाले.

२०, शुक्र.

शाळेतून परस्पर कट्ट्यावर गेले. बसले नाही. उभ्यानंच नाव घेतलं. तेच. आप्पांनी मान फिरवली. अंकल म्हणाले, "ठीक है बेटी," आणि मैदानाकडे बघत राहिले.

घरी आले. अब्बा मशिदीत. भाई अंगणात सायकलचं पंक्चर काढत होता. म्हटलं, दत्ता खेळेल. कट्ट्याला दोष देऊ नका, त्याचं नाव मीच घेतलं.

त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते बघत बसला.

"सेकंड हाफ के वास्ते?"

"हां."

मग खाली मान घालूनच, "अब्बा को मालूम?"

"नई. पहले तुमको बोली."