चादरी निथळेपर्यंतचं हवामान

तीर्थरूप मामांना,

दोन्ही पायांना हात लावून नमस्कार (डाव्याला जरा हळू, गुडघा अजून प्लास्टरात असेल म्हणून).

पत्राला उशीर झाला, हे तुम्ही बोलायच्या आधी मीच कबूल करतो. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पेन नव्हतं. दुसऱ्यात पेन आलं, पण लिहावं असं काही घडलं नव्हतं. तिसऱ्यापासून इतकं घडलं की सुरुवात कुठून करावी कळेना, आणि नंतर लाज वाटायला लागली. लाजेचं पाहुण्यासारखं असतं, पहिल्या दिवशी दारातून परतवली नाही तर मुक्काम ठोकते. गुडघा दुखतो का? काठी मिळाली का? मामी कशी आहे? तुमचा जुना रेडिओ सेट बंद पडला तेव्हा "सुटले एकदाची त्या खरखरीतून" असं ती म्हणाली होती, तेव्हा तिची तब्येत उत्तमच असणार. तुमची मात्र काळजी वाटते. बावीस वर्षं जहाजावर वायरलेस सांभाळलेला माणूस दुपारी चारचं समुद्राचं हवामान ऐकल्याशिवाय दिवस कसा काढत असेल, हे मनात येतं. आठवड्यात नवा शॉर्टवेव्ह सेट पाठवतो म्हणून मी निघालो, त्याला आज साडेसहा आठवडे झाले.

रेडिओ घेताना बघायच्या तीन गोष्टी तुम्ही मला सांगितल्या होत्या. त्यातल्या दोन बसमध्ये चढेपर्यंत पाठ होत्या. उतरलो तेव्हा एवढंच आठवत होतं की गोष्टी तीन होत्या. तरी सरळ दुकानातच निघालो होतो, पण वाटेत एक पेंटर दुकानाच्या पाटीवर अक्षरं रंगवत होता आणि त्याची शिडी हलत होती. मी ती धरली. माणूस असा की एक अक्षर रंगवायचं आणि खाली उतरून लांबून बघायचं. पाटीवर अठरा अक्षरं होती, त्यात माझा दिवस गेला (पाटी फार सुरेख झाली, फक्त दुकानदाराच्या आडनावातला एक काना राहिला, तो दुसऱ्या दिवशी दिला). दुकान गाठलं ते तिसऱ्या दिवशी. तिथे एक लालभडक सेट होता. त्याला टॉर्च, घड्याळ, वर धरायला मूठ, आणि अंगावर सोनेरी अक्षरांत "बारा बँड". तुमच्या पैशात बसत होता. मी मनात म्हटलं, मामांचा जुना चार बँडचा, हा तिप्पट. खोलीवर येऊन लावला तर बारापैकी नऊ बँडवर एकच माणूस केसांचं तेल विकत होता, आणि उरलेल्या तीनवर तोच माणूस जरा लांबून.

दुकानदार परत घेईना. तेव्हा खोकी भरण्याच्या गोदामातल्या (मी सध्या तिथे काचसामानाभोवती पेंढा भरतो, यंदाची ही चौथी नोकरी) एका सोबत्याने मला खरखरकाकांकडे पाठवलं. हे रेडिओ दुरुस्त करतात, त्यांचं खरं नाव त्यांच्या पाटीवरूनही पुसलं गेलंय. त्यांनी लाल सेट उलटसुलट केला आणि म्हणाले, बँड म्हणजे सोयरे, यादीत बारा आणि कामाला दोन. मग टेबलावर तीन जुने सेट मांडले, त्यांवर वर्तमानपत्र टाकलं आणि मला फक्त खुंट्या फिरवू दिल्या. डोळे पहिल्या भेटीत फसतात, कान निदान विचार करतात, हे त्यांचं म्हणणं. पहिल्यात काटा जरा हलवला की दोन देश निघून जात. दुसरा गोड बोलायचा, पण शेजारचं स्टेशन त्याच्यात सारखं डोकावायचं. तिसऱ्याची खुंटी सावकाश फिरली आणि एकेक आवाज रांगेत उभा असल्यासारखा वेगळा आला. तेव्हा मला तुमच्या तिन्ही गोष्टी एकदम आठवल्या: बँड मोजू नकोस, काटा हळू फिरणारा बघ, बाहेरची तार जोडायला जागा आहे का ते बघ. तिन्ही यात होत्या. वर्तमानपत्र काढलं. मामा, इतका कुरूप रेडिओ मी पाहिलेला नाही. पाठ दुसऱ्याच सेटची, आणि एक खुंटी चक्क गॅसच्या शेगडीची. लाल सेट ठेवून घेऊन काकांनी मला हा दिला. टॉर्च त्यांना हवाच होता.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे. अडलं असं की चारचं हवामान स्वतः ऐकल्याशिवाय सेट पाठवायचा नाही, असं मी ठरवलं. खोलीत तर भिंतीच जाड, म्हणून गच्चीवर घरमालकीणबाईंच्या कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला सेटची तार बांधली. या बाई एका लॉजच्या चादरी धुतात. पहिल्या दिवशी नुसतीच खरखर. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्यांनी चौदा ओल्या चादरी टाकल्या आणि तुमचा तो खोकणारा निवेदक माझ्या कानाशी येऊन बसला. समुद्राचा भाग एक, भाग दोन, वारा, लाटा, सगळं स्वच्छ. चादरी निथळत गेल्या तसा तो विरत गेला आणि सहाव्या भागाअखेर संपला. मी पुष्कळ विचार केला. बातमी समुद्राची, तेव्हा तिला पाण्याची ओढ असणारच. शास्त्र याहून वेगळं काय असतं? मग मी निथळलेल्या चादरी पुन्हा भिजवल्या. बाई आधी संतापल्या. पण मी धुवायचंही काम घेतो म्हटल्यावर त्यांना विज्ञानात रस वाटू लागला. गेला महिनाभर पावणेचारपर्यंत चौदा चादरी मी धुतो, पिळत नाही, तशाच टाकतो आणि खाली रेडिओ घेऊन बसतो. शेजारीण विचारते, पगार किती देता याला. बाई म्हणतात, तोच सांगेल. एवढं करूनही सातवा भाग, जिथे तुमचं जहाज फिरायचं, तो मी एकदाही ऐकलेला नाही. बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार सांगा. सेट आज ना उद्या निघेलच.

तुमचा भाचा

ता. क. खरं सांगायचं तर सेट पाठवायला मन होत नाही. एका गावात साडेसहा आठवडे मी आजवर राहिलेलो नाही (शाळेतसुद्धा). हा माझ्याकडे राहू दिलात तर बरं होईल. तुम्हाला दुसरा बघतो. तोवर रोजचं हवामान कार्डावर लिहून पाठवीन. चार दिवस शिळं आणि सहा भागांपर्यंतच असेल, पण अक्षर चांगलं काढीन.

ता. क. दुसरा. वरचं रद्द समजा. हे लिहून गच्चीवर आजची पहिली चादर टाकायला घेतली तोच जिन्यात पावलं वाजली. मामी आली आहे. एकटी, बसने, "पोचलो" एवढंच लिहिलेल्या माझ्या कार्डावरच्या पत्त्यावरून. शेजारच्या मुलीला तुमच्यापाशी बसवून, कापड आणायला जाते म्हणून तुम्हाला सांगून निघाली म्हणे. माझ्या हातातली ओली चादर, तार आणि तारेवरची गाठ, एवढं तिने क्रमाने पाहिलं आणि सुरी मागितली. गंज खरवडून तार चकचकीत केली, गाठ पुन्हा मारली आणि म्हणाली, "गंजावर बांधलीस. ओल्या चादरींचं ओझं आलं की तार टेकते, हलकी झाली की सुटते. पाण्याचा काय संबंध? मामांनी शिकवलं नाही?" शिकवलं होतं, मामा. तेव्हा बाहेर कोणाची तरी शिडी हलत होती.

मग तिने शेगडीची खुंटी धरली आणि काट्याकडे न बघता, बोलता बोलता, बरोबर तुमच्या स्टेशनावर आणून सोडली. मी म्हटलं, मामी, तुला तर खरखर आवडत नाही. ती म्हणाली, "नाहीच आवडत. पण सेट गेल्यापासून तुझे मामा चार वाजले की भिंतीकडे तोंड करून आपणच हवामान सांगतात. नवांपैकी आठ भाग ठोकून देतात. सातव्याला गप्प बसतात. तिथली माणसं ओळखीची आहेत म्हणे, त्यांचं खोटं कसं सांगू. मला ते गप्प बसणं ऐकवत नाही."

उद्या पहिल्या बसने आम्ही सेट घेऊन येतोय. तार बांधायला मीही येतोय, गंज मी खरवडायचा असं ठरलंय. पत्र हातातच देईन. तारेवर एकही चादर नसताना आज नऊच्या नऊ भाग आले. सातवा लागला तेव्हा मामीने हात वर करून मला गप्प केलं, आणि संपल्यावर म्हणाली, हे तेवढं लिही, उद्यापर्यंत शिळं झालं तरी लिही: सातव्या भागात वारा मंद, समुद्र शांत.