मुकादमाला कसं कळतं?

संशयित ताईस,

तू माझ्यावर पाळत ठेवली आहेस. इन्सुलिनचा पंप माझ्या पोटाला, पण साखरेचे आकडे तुझ्या फोनवर. इथवर ठीक. पण या सोफ्यांच्या गोदामात माझी साखर उतरली रे उतरली की आमचा मुकादम रसाची बाटली घेऊन हजर! (बाटलीवरचं संत्रं हुबेहूब आपल्या काकांसारखं दिसतं, ते असो.) त्याला कसं कळतं? म्हणून मी तुला दिसणारे आकडे बंदच करून टाकले.

आज जोडीदाराशी भांडून एकट्यानेच सोफा घेऊन जिना चढायला निघालो, तर हा आडवा आला.

"ठेव खाली. बस आधी."

"ताईने फोन केला ना? खरं सांगा!"

"कोण ताई? अरे, साखर उतरली की तू भांडायला उठतोस. आताही भांडतोयस."

पंप कधीचा थरथरत होता, मला पत्ताच नाही. आकडा बासष्ट, बाण खाली. जिन्यात सोफ्यासकट कोसळलो असतो. मुकाट्याने रस प्यायलो. तुझ्यावर उगाच आळ घेतला म्हणून वाईटही वाटलं.

तेवढ्यात मुकादम जाता जाता म्हणाला, "बाटली संपव रे, भुंग्या."

भुंग्या! या नावाने तुझ्याशिवाय जगात मला कुणी हाक मारत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. आकडे मात्र पुन्हा सुरू केलेत. त्या बिचाऱ्याला लपवाछपवी जमत नाही गं. यापुढे फोन मलाच कर, हे तुला फोनवरच सांगेन.

तुझा,
पकडणारा आणि पकडला गेलेला भाऊ