व्यवसाय : शिवणकाम

जळगाव, १८ मार्च १९९१

ती. गिरधरदादांस,
सुनंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे रावेरला केळीच्या गाड्या भरायला गेले असताना माझ्या नावे आयकराची नोटीस आली. त्यात माझा व्यवसाय शिवणकाम! तीस एप्रिलला साहेबांपुढे शपथेवर उत्तरे द्यायची आहेत. दादा, बटण लावण्यापलीकडे मी कधी सुई धरली नाही. दर दिवाळीला वहीपूजनानंतर हे कोऱ्या फॉर्मांवर माझी सही घेतात. घरच्या लक्ष्मीची सही शुभ असते म्हणतात. विचारले तर म्हणाले, बठ्ठे व्यापारी असेच करतात, एकही त्याला अपवाद नाही, तू फक्त हो म्हण. मला खोटी शपथ घ्यायची नाही. काय करू?

घरची पत्रे आधी हेच उघडतात. उत्तर शेजारच्या बेबाबाईंच्या पत्त्यावर पाठवा. बाकीचे आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले की बोलू.

माया आहे तशीच ठेवावी.
सुनंदा

धुळे, २४ मार्च १९९१

चि. सौ. सुनंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाळेत तू शिवलेल्या रुमालाला तीनच कोपरे होते, आणि सरकार तुला शिंपीण समजते! असो. विषय मोठा गोड आहे. वर्गात मी तो दोन तास शिकवतो.

आपल्याकडे पती-पत्नीचे विवरणपत्र एकत्र भरत नाहीत. ज्याची कमाई, त्याचे विवरण. घरात मिळवता एक, तर विवरणही एकच. तीच कमाई दोन नावांत वाटली की करमाफीची मर्यादा दोनदा मिळते. मोह तिथेच आहे. पण पत्नीच्या नावे दाखवलेले पतीचे उत्पन्न कायदा पुन्हा पतीच्याच पदरात टाकतो, वर दंड. खोट्या शपथेची शिक्षा मात्र शपथ घेणाऱ्यालाच.

अधिकारी भोळे नसतात. यंत्र कुठून आले, मापांची वही कुठे, गिऱ्हाइकांची नावे काय, हे विचारतील. अनुभवी अधिकारी तर तर्जनीवरचे सुईचे व्रणही पाहतो. म्हणून खरे तेच सांग. जीवरामभाऊंनी आपले विवरण दुरुस्त करून कर भरावा.

हे पत्र बेबाबाईंकडे न पाठवता मुद्दाम घरच्याच पत्त्यावर पाठवत आहे. कायदा ही लपवायची वस्तू नव्हे, भाऊंनीही वाचावे. समजले की माणूस सुधारतो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव.

शंका राहिली तर निःसंकोच कळवत जावे.
तुझा, गिरधरदादा

जळगाव, ९ एप्रिल १९९१

श्री. रा. रा. गिरधरभाऊंस,
जीवरामचा सा. न. वि. वि.

आपले पत्र दोनदा वाचले. शिकवावे ते तुम्हीच. एकेक मुद्दा घेऊन तयारी चालवली आहे. जुने यंत्र आणले. मापांची वही तयार झाली. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. गिऱ्हाइकांची नावे सुनंदाकडून रोज पाठ करून घेतो. परवा यंत्राची सुई तिच्या तर्जनीतून आरपार गेली. आपण लिहिलेली खूण त्यामुळे आपसूकच झाली. बोट सुजले आहे, म्हणून पत्र मी लिहितो. बेबाबाईंकडे तिचे जाणेयेणे सध्या बंद ठेवले आहे.

यंत्र कुठून आले, एवढाच प्रश्न उरला. ते माहेरच्या आंदणातले, असे भावाने लिहून दिलेले बरे. सोबत कोरा कागद आहे. खाली फक्त सही करावी, मजकूर आम्ही भरू. सुनंदाने कधी मजकूर विचारला नाही; आपणही विचारू नये.

कागद परत आला की आखाजीला तिला धुळ्याला पाठवायचे की नाही ते ठरवीन.

लोभ आहेच; तो टिकवणे आता आपल्या हाती.
आपला, जीवराम