चालतंय

३ नोव्हेंबर, सोमवार

लागली नोकरी! कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याला कुत्रं विचारत नाही म्हणणाऱ्या सगळ्या मास्तरांना कुळगावच्या नाक्यावर उभं करून एकेक पेढा कोंबावासा वाटतोय.

ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. खाली जीन्सचा कारखाना, वर आम्ही. मालक चंदूशेठ. आल्या आल्या म्हणाले, आओ साईं, बैठो साईं. मला वाटलं, वा, साईनाथचं लाडाने साई केलं. मग चहावाल्यालाही साईं म्हणाले. सिंधी लोकांत सगळेच साईं.

काम म्हणजे पोरखेळ. एका दांडग्या कॉम्प्युटर मशीनच्या पोटात दहा-बारा खोटी मशीनं चालवतात आणि भाड्याने देतात. चाळीतल्या खोलीत प्लायवूड ठोकून चार भाडेकरू ठेवावेत तसं. प्रत्येकाला मेमरी वाटून द्यायची, ती किती झपाट्याने भरते आणि रिकामी होते ते चाचणी घेऊन मोजायचं. चाचणीचा कोड सुयोग नावाचा एकजण लिहितो. त्याने बदल केला की मी तपासायचा आणि खाली लिहायचं ‘चालतंय’. तेवढा एक शब्द पडला की बदल लागू होतो, चाचणी आपोआप धावते. याचा पगार देतात! येडे.

ही वही शलाकाने दिली. डोकं फिरलं की ओरडू नकोस, लिही, म्हणाली. आणि ही नोकरी टिकव, मग मी बाबांशी बोलते. तिचे बाबा अंबरनाथ पश्चिमेचे, सोसायटीचे सेक्रेटरी. जावई पण पार्किंगसारखा नियमात बसणारा पाहिजे.

टिकवणारच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुयोग म्हणजे एक नमुना आहे. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो. चाळिशीचा असेल. रोज सकाळी हसून मला विचारतो, आपण नवीन का? आज चौथ्यांदा विचारलं. मी म्हटलं, नाही काका, मी इथला पंखा आहे. तर मान डोलावून म्हणाला, छान.

आणि हा माणूस कोड लिहितो. मेमरी भरतो कशाने, तर शून्यांनी! पानांमागून पानं शून्यं. मोठं मशीन काय बावळट आहे? सगळी पानं सारखी दिसली की ते एकच ठेवतं, बाकीची भरल्याचं नुसतं दाखवतं. मग आकडे झकास येणारच. हे मला कळतं, कॉलेज सोडलेल्याला.

चांगला झाडला. शेऱ्यात लिहिलं: शून्यं भरून काय मोजता, कपाळ? खरं काहीतरी भरा, जे दुसऱ्या कुणाकडे नसेल.

मालिनी मॅडम, आमच्या वरिष्ठ, शेरा वाचून माझ्याकडे बघत राहिल्या. जळत असतील.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुयोगने नवा बदल पाठवला. शून्यांच्या जागी मराठी मजकूर. म्हातारा कवी झालाय वाटतं! दोन ओळी वाचल्या, कंटाळा आला. पण एक चूक सापडलीच: मोजून झाल्यावर भरलेलं पुसतच नव्हता. मागच्याचं उरलेलं पुढच्या भाडेकरूला दिसलं तर? लिहिलं: वापरून झालं की मुळापासून पुसा, मागे काही राहता कामा नये. त्याने लगेच दुरुस्त केलं. मी मजकुराकडे न बघता ‘चालतंय’ टाकलं. चंदूशेठ खूश. वाह साईं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शलाकाचा फोन. नव्या चपला घेतल्या म्हणाली, आता बारवीच्या रस्त्यावर तुझे बूट घालायला लागणार नाहीत. मी म्हटलं, कसले बूट? ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, अरे, माझी चप्पल तुटली, तू मला बूट दिलेस, स्वतः अनवाणी आलास, विसरलास? माझ्यावरच चिडली. मी दुप्पट चिडलो.

आज त्या बदलातला मजकूर नीट वाचला. ‘बारवीच्या रस्त्यावर तिची चप्पल तुटली. तिने माझे बूट घातले. ते फटफट वाजत होते, ती हसत होती.’

वाचून काहीच वाटलं नाही. दुसऱ्याचं लग्न बघावं तसं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुयोगची कॉलर धरली. शलाकाला कसा ओळखतोस, कधी भेटलास, बोल. तो घाबरला नाही. शांतपणे म्हणाला, तुम्हीच सांगितलंत ना, खरं काहीतरी भरा, दुसऱ्या कुणाकडे नसेल असं. माझ्याकडचं तर संपलं.

मग हसून विचारलं, आपण नवीन का?

मालिनी मॅडमनी मला बाहेर ओढलं. म्हणाल्या, त्याच्याकडचं त्याने आधीच भरलं. बायको न्यायला यायची, हा तिला ताई म्हणायला लागला. आता ती येत नाही. मग शून्यं भरायचा, कुणाला त्रास नव्हता, सुखात होतं सगळं. तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण?

मी म्हटलं, तुम्ही का नाही तपासत? म्हणाल्या, ‘चालतंय’ लिहील त्याचंच पुसलं जातं, लिहायला वेडी आहे का मी? म्हणून तर तुला घेतला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरा बदल आला. तिचा दुखरा दात, रसवंतीत माझ्या ग्लासात टाकलेला बर्फ. तो बर्फ मला अजून आठवतो — म्हणजे जोवर ‘चालतंय’ म्हटलं नाही, तोवर माझाच आहे. नाकारला. त्याने पुन्हा पाठवला, भर घालून. तिचा आवाज. चिडल्यावर साईनाथराव म्हणते ते. पुन्हा नाकारला.

चंदूशेठ तापले. गिऱ्हाइकाला आकडे दाखवायचेत. साईं, कल तक नहीं हुआ तो घर बैठो. घरी बसलो तर तिचे बाबा — नोकरी गेली की ती पण गेली. लिहिलं तरी गेली. काय भंगार आहे हे!

१९ नोव्हेंबर, बुधवार

आता सगळंच आलंय. एकाच बदलात. तिचा चेहरा, नाव, गालावरचा व्रण, पहिल्या दिवसापासूनचं. पुढे काही उरत नाही.

स्क्रीनवर त्या बदलाची खिडकी उघडी ठेवून बसलोय. नाकारत नाही, नाहीतर हा आणखी काही घालेल. होकारही देत नाही. शेठला सांगितलं, वाचतोय. सुयोग कोपऱ्यातून मान वळवून बघतो. बघू दे. हरामखोर. बोट नाही लावणार —

१९, संध्याकाळ

शलाकाचा मेसेज आला, कॉम्प्युटरवरच, शेजारच्या खिडकीत. बाबांशी बोलली! ते भेटायला तयार. विचारतेय, रविवारी चालतंय का?

खुर्चीतून उडालोच. आनंदाने. पटकन लिहिलं. पाठवलं.

तिच्याकडे गेलंच नाही. तिथे अजून तिचाच प्रश्न —

त्या बदलाच्या खिडकीत गेलं. माझाच शब्द. चाचणी धावतेय. थांबवा कुणीतरी — मालिनी मॅडम मान फिरवतात — गालावर व्रण, डाव्या, की —

२३ नोव्हेंबर, रविवार

निवांत. नोकरी पक्की केली शेठने.

सकाळपासून एका बाईचे फोन. चहा झालाय, बाबा थांबलेत, कुठे आहेस? म्हटलं, ताई, नंबर चुकलाय. तर रडायलाच लागली. रिकामटेकडे लोक! आत्ता दारात आलीये. आई तिला आत घेतेय, नावाने हाक मारतेय. पोरगी माझ्याकडे बघतेय, आणि माझ्या डोळ्यांतून हे पाणी का —

विचारतो तिला, कोण आहेस, का ओरडतेस मला साईनाथरा