सेमेरूच्या बाजूची खिडकी

३ जून
रोजनिशी आजपासून. कारण तसंच आहे. लेकीने, रेत्नोने, बालीला यायची विमानाची तिकिटं पाठवली. परत बसने यायचं, म्हणजे विमान आयुष्यात एकदाच. नकाशा कचेरीत एकतीस वर्षं मी सेमेरू हा ज्वालामुखी पर्वत काढला, उंचीची एकेक रेघ या हातातून गेली. पण वरून कधी पाहिला नाही. आता पाहणार.

बायकोचं, वार्सितीचं, माहेर त्याच्या पायथ्याशी. तिची आई वारल्यापासून नऊ वर्षं ती तिकडे गेलेली नाही. म्हणजे ओढ नसावी.

४ जून
आमच्या इथून बाली पूर्वेला, वाटेतले पर्वत सगळे उत्तरेला. म्हणून खिडकी उत्तरेची. गणित पाच मिनिटांचं. सबंध सकाळ लावली.

५ जून, स. १०
विमान कंपनीला फोन. म्हटलं, उत्तरेच्या दोन खिडक्या द्या. पोरगी म्हणे, डावी की उजवी? आमच्याकडे डावं-उजवं कुणी म्हणत नाही, घरात मीठसुद्धा दक्षिणेकडचं मागतो. ही नक्की जकार्ताची. शेवटी पडतं घेऊन डावी म्हणालो. रांग अकरा आणि बारा, एकामागे एक. अकराबद्दल ती काहीतरी सांगत होती. तिला म्हटलं, पोरी, एकतीस वर्षं नकाशे काढलेत, मला शिकवू नकोस. मग तिने मुकाट दोन्ही जागा लिहून घेतल्या.

६ जून
शेजारच्या जुमालींकडे गेलो. खिडकी कशी निवडावी हे तासभर समजावलं. ते म्हणाले, मी तर विमानात झोपलो होतो. कीव आली. त्यांच्या बायकोने तळलेली केळी पुढे केली. दोनदा नको म्हणालो, तिसऱ्यांदा विचारल्यावर चार घेतली. रीत ती रीत.

८ जून
अकरा कुणाला, हा प्रश्न. पुढच्याला पर्वत आधी दिसणार. वार्सितीला विचारलं, तू बसतेस? नको म्हणाली, तुम्हीच बसा. पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारणारच होतो, पण कढई करपतेय असं वाटलं. तसं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. चुलीवर कढई नव्हती. असो. बायकोला भरीस घालणं माझ्या स्वभावात नाही.

१२ जून
संकल्प: उद्या पाणी प्यायचं नाही, डुलकी घ्यायची नाही, भावनावश व्हायचं नाही. दुर्बीण, वही आणि तीन पेन्सिली घेतल्या. वार्सितीने फक्त रुमाल घेतला. तयारी म्हणून नाहीच.

१३ जून, स. ६.१०
विमानात. अकराव्या रांगेला खिडकी नाही.
भिंत आहे.

६.१५
हवाई सुंदरीला बोलावलं. म्हणाली, इथून हवेची नळी जाते, फोनवर सांगतात की सगळ्यांना. विमान बांधणाऱ्यांना भूगोल शिकवत नसावेत. दुसरी जागा? विमान भरलंय.

६.४०
बारामधून वार्सिती वर्णन करते आहे. हिरवं आहे म्हणे. मग जास्त हिरवं. एक डोंगर येऊन गेला, नाव विचारलं तर म्हणे, त्याने सांगितलं नाही. मी वहीत 'हिरवं' लिहिलं.

६.५२
मागून नाक ओढल्याचा आवाज. म्हणाली, सेमेरू आहे, धूर निघतोय, आईचं गाव ढगाच्या अलीकडे स्वच्छ दिसतंय. मला गलबलून आलं. भिंतीकडे तोंड होतं, कुणी पाहिलं नाही.

मग म्हणाली, या ना, इथे बसा. मी म्हटलं, नको नको, तू बघ. पुन्हा म्हणाली, या हो, तुमचा पर्वत आहे. मी म्हटलं, छे, मला तो तोंडपाठ आहे. आणि पट्टा सोडून, दुर्बीण गळ्यात घालून तयार बसलो.

६.५६
अजून विचारलेलं नाही.

६.५९
खोकलो. दोनदा.

७.०५
आता समुद्र दिसतोय म्हणे. सेमेरू मागे पडला. न राहवून वार्सितीला विचारलं, तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?

म्हणाली, विचारणारच होते, पण कढई करपतेय असं वाटलं.