जुन्या रांगेच्या जाळ्या

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास आजीचे अनेक आशीर्वाद.

आजी नावाची बाई अजून जिवंत आहे. विसरला असशील म्हणून कळवते. सांगते मी, लिहितो थोरला. तुझ्यावर चिडलाय, तेव्हा अक्षर जरा टोचेल. पत्रा कापायच्या मशिनींना, हात पात्याखाली जाऊ नये म्हणून, जाळ्या मंजूर झाल्या. नव्या रांगेला यंदा, जुन्या रांगेला पुढच्या वर्षी. युनियनकडून वाटाघाटीला बसून बसून थोरल्याचं बूड झिजलं, पण मिळाल्या. तुझा बाप जुन्या रांगेत. त्याला सोमवारपासून नव्या रांगेत घ्यायचं थोरल्याने ठरवून आणलंय. संप करून तू नोकरी घालवलीस, त्यापेक्षा हे बरं, असं मी नाही, लिहिणारा म्हणतो. लोभ असेल तर कागदावर दिसू दे.

लि. आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

हे पत्र दादाच वाचून दाखवणार. दादा, शब्द गाळू नकोस. अर्ध्या जाळ्या देऊन मालकाने वर्षभराची शांतता स्वस्तात घेतली. अर्धे वाचले की उरलेल्यांसाठी कोण उठणार? सगळ्या मशिनी एकदम थांबल्या पाहिजेत, कारखानाच कामगारांच्या ताब्यात आला पाहिजे. बाबांना सांग, जागा बदलू नका. सोबत्यांना उघड्या पात्यापुढे सोडून मुलाच्या वशिल्याने जाळीमागे बसायचं? बाबा तसले नाहीत. आजी, रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या शिवणवालीचं आहे. थोरला लिहायला बसला आणि उठून गेला. तुझं पत्र बापाने ऐकलं, मान डोलावली आणि जुन्या रांगेतच राहिला. गेल्या आठवड्यात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. थोरला म्हणतो, तुझ्या पत्राने गेला. तू म्हणशील, थोरल्याने कबूल केलेल्या ‘पुढच्या वर्षी’ने गेला. भांडा. तुम्हाला अख्खं जग सुधारायचंय, हात तो केवढासा!

आणि ऐक. दुसऱ्याच दिवशी जुन्या रांगेला जाळ्या बसल्या. गोदामात पडून होत्या म्हणे, मालकाने पुरवून पुरवून द्यायला ठेवलेल्या. दोघे एवढे शहाणे, गोदामात डोकावला एकही नाही.

बाप तुझ्यावर रागावलेला नाही. म्हणतो, मी माझ्या मनाने बसलो. तेच मला सोसत नाही. ये म्हणणार नाही; आलास तर थोरल्यासमोर तोंड उघडू नकोस. लोभ आटला नाही, एवढं धर.

लि. आजी

ता. क. खायला पाठवशील तर कोरडं, डाव्या हाताने उचलता येईल असं पाठव. पातळ नको. अंगावर सांडतं, भरवूनही घेत नाही, उपाशीच उठतो.